न तपासलेली वही

साडेनऊ वाजले की फोनवर प्रश्नांचे फोटो यायला लागतात.
कोपऱ्यात कुणाचा अंगठा, कधी वरणाचा डाग,
मधोमध तिरकी झालेली फ्रेंच राज्यक्रांती.
"मावशी, कारणं किती लिहू? पाच मार्कांना आहे."
पाचच लिही. सहावं सुचलं तर ठेव स्वतःजवळ.

सालमियाच्या या चौथ्या मजल्यावर
एसीच्या घरघरीत मी दिल्लीचे सुलतान ओळीनं उभे करते,
रझियाला दोन भावांच्या मधे
जरा सरकून जागा करून देते.

जेरिन विचारतो, पंचायत समितीत कोण कोण असतं.
त्यानं पंचायत पाहिलेली नाही, ओढा पाहिलेला नाही,
निवडणूक म्हणजे त्याच्या लेखी वर्गाचा मॉनिटर.
मी त्याला देवरूखच्या सभापतींची जीप सांगते,
तिचा एक दिवा कसा कायम बंद असायचा ते.
तो लिहून घेतो: जीप.
अरे, जीप खोड. तिला मार्क नाहीत.

फैजान परकारच्या नकाशात
गोदावरी उलटी वाहत अरबी समुद्राला मिळते.
क्षणभर वाटतं, मिळू दे.
इकडच्या अंगाला तेवढीच एक नदी.

आज रिदा. पहिला धडा, पहिला प्रश्न.
इतिहासाची प्राथमिक साधने म्हणजे काय?
सोपं आहे. नाणी, ताम्रपट, शिलालेख, पत्रं,
त्या वेळी तिथं हजर असलेल्याची साक्ष.
पाठवलं. दोन निळ्या खुणा.
मग तिचं: "घरात मिळेल असं सांगा ना,
प्रोजेक्टला चिकटवायचंय."

घरात.
पासपोर्टांच्या पिशवीखाली एक वही आहे,
खाकी कव्हर, इयत्ता सहावी, सुट्टीचा गृहपाठ.
लोबो टीचरनी दहा प्रश्न दिले होते,
शाळा सप्टेंबरात उघडायची होती.
सातवा मी बुधवारी संध्याकाळी लिहिला, शाईच्या पेनानं:
मोहेंजोदडोचे लोक शहर सोडून का गेले?
"नक्की सांगता येत नाही.
पुष्कळ भांडी मागे राहिली."
गुरुवारी पहाटे बाबा खिडकीपाशी उभे होते
आणि म्हणाले, बाल्कनीत जायचं नाही.
ऑगस्टची दोन तारीख, नव्वद साल.

आईनं ती वही बॅगेत घातली,
चांदीचा करंडा काढून जागा केली तिला.
म्हणाली, महिन्याभरात उघडेल शाळा, टीचर ओरडतील.
मग बसरा, बगदाद, जॉर्डनच्या हद्दीवरचे तंबू.
मागच्या पानांवर सगळं आईचं अक्षर:
पाणी, दोन बाटल्या.
कदमांकडून उसने पाच दिनार.
रांगेतला नंबर २३१४.
पाव संपले. मुलीला ताप, उतरला.
पुढं एक पान नुसत्या रेघांचं, चार उभ्या एक आडवी,
ती कसली मोजणी, मी कधी विचारलं नाही
आणि आता विचारायची सोय नाही.
कदमांचे पाच दिनारही तसेच.

परत आले इथंच, लग्न होऊन, बी.एड. होऊन.
शाळेच्या जागी फर्निचरचं दुकान आहे,
पडदे छान मिळतात तिथं.

आठवा प्रश्न फक्त उतरवलेला आहे, लाल शाईनं:
हडप्पाकालीन वजने व मापे यांविषयी माहिती लिहा.
येतं मला आता. झोपेतून उठवलं तरी येतं,
चर्टच्या दगडाची, घनाकृती, सोळाच्या हिशेबानं.
पेनाचं टोपण काढलं.
पुन्हा लावलं.

रिदाला कळवलं: जुनं विजेचं बिल चालेल,
तारीख दिसेल असं चिकटव.
"एवढंच?" तिचा प्रश्न.
एवढंच. दोन मार्कांना आहे.

वही पासपोर्टांखाली सरकवली. फोन पुन्हा थरथरला.
जेरिन: "मावशी, जीप पेनानं लिहिली होती.
खोडता येत नाहीये."

राहू दे मग.